पाच वर्षांना दोन महिने कमी

गोव्यात एका हॉस्पिटलात सरकारी आरोग्य योजनेचा डेस्क मी बघते. बाहेरच्यांना वाटतं कार्ड दाखवलं की झालं. पण मंजुरी येईपर्यंत अर्धा दिवस जातो, आणि निम्मे लोक कार्ड रिन्यू केलंय की नाही हे ऍडमिट झाल्यावर बघतात, मग माझ्यावरच ओरडतात. सवय झालीय. पण ही एक केस डोक्यातून जात नाही.

सात वर्षांचा मुलगा, कान वाहतो. घरी तेल घालून बघितलं, कापूस कोंबला, वास यायला लागला तेव्हा डॉक्टरकडे आणला. कानामागचं हाड खराब होत चाललंय, ऑपरेशन पाहिजे. आज नाही केलं तर मरत नाही, पण जेवढं थांबाल तेवढं ऐकू कमी. बाप म्हापशाला एका हॉटेलात किचनमध्ये, आई दोन घरांत कामाला.

आपली दीनदयाळ योजना 2016 ची. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असली तर चार लाख. यात उत्पन्न विचारत नाहीत. म्हणून माझ्यासमोर हातात गाडीची चावी फिरवत येणारे पण असतात, मुंबईला राहणारे आणि इथे फ्लॅट बंद ठेवलेले पण, सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून. यात विचारतात ते गोव्यात पाच वर्षं राहताय का, एवढंच. आणि नेमकं तिथेच ही बाई अडली.

ती मूळ इथल्या सत्तरीची, लग्न करून दोडामार्गला, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात गेली. पोरगा पहिला म्हणून बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्मदाखला पण गोव्याचा. लग्नानंतर माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी झालं ते सासरच्या केशरी कार्डावर चढलं. मग नवऱ्याला म्हापशात काम लागलं, एक खोली भाड्याने घेतली. लाईट बिल मालकिणीच्या नावावर, ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, तेही एकदाच केलेलं. मतदान अजून दोडामार्गला. म्हणजे आई गोव्यात जन्मली, पोर गोव्यात जन्मलं आणि गोव्यात राहतात हे सांगणारा कागद एकही नाही.

मालकिणीला मीच फोन केला. बाई वाईट नाही, पोराच्या कानाची चौकशी केली तिने, पण कागद म्हटल्यावर गप्प. म्हणाली, लिहून देते आणि उद्या ती मुंडकार म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहणारी पण कायद्याने बाहेर काढता न येणारी म्हणून उभी राहिली तर? भाडं देणारा मुंडकार होत नाही हो, 1975 चा कायदाच तसा आहे, हे मी सांगितलं, पण गोव्यात घर असलेल्या माणसाची ही भीती कायद्याने जात नाही. तिच्या सासऱ्याचं काहीतरी जुनं प्रकरण कोर्टात पडून आहे म्हणे.

मग मी विचारलं, पोलिसांत भाडेकरूचा फॉर्म दिलेला का? हे मला सुचलं याचा मला अजून आनंद आहे, कारण डेस्कवरच्या बाकीच्यांनी ती फाईल "इनकम्प्लीट" लिहून बाजूला टाकली असती. मालकिणीच्या मुलाने तो दिला होता, आणि त्याची झेरॉक्स या बाईच्या डब्यात होती, घड्या पडलेली, वर हळदीचा डाग. मी कागद हातात आला की आधी मागची बाजू बघते, कारण पोच आणि तारीख बरेचदा तिथेच असते. होती. गोल शिक्का, सही, तारीख अगदी स्वच्छ. मोजलं तर चार वर्षं दहा महिने.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितलं तशी म्हणाली, "ताई, मगे आमी खंयचे?"

मग आम्ही कुठले, याला काय उत्तर देणार.

दोन महिने थांबायचं, मग मामलेदाराकडे अर्ज, तलाठ्याची चौकशी, मग कार्ड. डॉक्टर म्हणाले एवढं नको लांबवूया. तेव्हा मी उलटीकडून लागले. केशरी कार्ड आहे ना, मग महाराष्ट्राची आरोग्य योजना, महात्मा फुले, ती बघू. पोराचं नाव कार्डावर नव्हतंच, पण बापाचं होतं. सिंधुदुर्गातल्या एका आरोग्यमित्राला, म्हणजे त्या योजनेचं काम बघणाऱ्याला गाठलं, तो मुलगा फार चांगला निघाला, त्याने जन्मदाखला आणि कार्ड व्हॉट्सॲपवर मागून सगळं आधीच तपासून ठेवलं. आमच्याकडचे काही त्याच्याकडून शिकले तर बरं होईल. कोल्हापूरला ऑपरेशन झालं, पैसे लागले ते फक्त गाडीभाड्याचे आणि बापाचा पगार कापला त्याचे.

आमच्या साहेबांना हे फारसं आवडलं नाही. पेशंट बाहेर पाठवला म्हणे. कार्ड नसताना बिल कोण भरणार होतं ते मात्र कोणी बोललं नाही.

पाच वर्षं भरल्यावर ती परत आली, धाकटीला कडेवर घेऊन. रहिवासी दाखला मिळाला होता, कार्डासाठी किती भरायचे विचारायला आलेली. चौघांचं कुटुंब, तीनशे. मग हळूच म्हणाली, आता तिथल्या रेशनकार्डावरचं नाव काढून टाकू?

नियमाने मी हो म्हणायला पाहिजे होतं, राहता इथे तर नाव तिथे कशाला. मी म्हटलं, एवढ्यात नको, इथलं कार्ड हातात पडू दे, एक वर्ष जाऊ दे. ती हसली आणि गेली. माझ्या बाजूला बसणारी अजून मला त्यावरून बोलते.