लेकीसाठी वेताच्या काठ्या

परवा इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा आर्निसचा, म्हणजे फिलिपिन्सच्या काठ्यांच्या युद्धकलेचा, सराव चालू होता. नव्याने आलेली एक मुलगी म्हणाली, "ताई, बांबूच्या काठ्या चालतील ना? बुरुडाकडे स्वस्त मिळतात." मी एवढ्या जोरात "नाही" म्हटलं की ती दचकलीच. म्हणून कारण इथे नीट लिहिते.

मी आर्निस शिकायला लागले तेव्हा बुरुडाकडूनच दोन काठ्या कापून आणल्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर सिनावाली (दोन्ही हातांतल्या काठ्या विणल्यासारख्या फिरवायचा सराव) करताना त्यातली एक उभी चिरली आणि तिची ढलपी मैत्रिणीच्या भुवईत घुसली. डोळा बोटभर अंतराने वाचला. बुरुडाचा काहीच दोष नव्हता, निवड माझी होती. बांबू पोकळ असतो, फुटला की सुरीसारख्या चिरफळ्या निघतात.

वेत भरीव. मार खाऊन त्याचे तंतू सुटत जातात, टोक केरसुणीसारखं पिंजतं, पण असा धारदार फुटत नाही. फिलिपिन्समध्ये सरावाला वेतच वापरतात तो यासाठी. आपल्याकडेही दोरीच्या मल्लखांबाआधी वेताचा मल्लखांब होताच की! तिकडे बाही आणि कामागोंग अशा जड, टणक लाकडांच्याही काठ्या असतात. त्या एकट्याने हवेत फिरवायच्या. जोडीदारासमोर मी त्या कुणाला धरू देत नाही, बोटाचं हाड सहज मोडेल.

माप विचाराल तर सर्रास चालतं ते २८ इंच, जाडी साधारण एक इंच. सेराडा शैलीत काठी आखूड, लार्गा मानोत लांब. पण माझी लेक ११ वर्षांची. सिनावालीत एक हात दुसऱ्या काखेखाली जातो, तिथे २८ इंची काठी तिच्या दंडाला अडायची आणि खांदा वर उचलला जायचा. २४ इंची, पाऊण इंच जाडीची दिली, तर त्याच संध्याकाळी खांदा खाली आला. त्या दिवशी फार बरं वाटलं.

एकाच मापाच्या दोन वेतांच्या वजनात बराच फरक निघतो. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलूनच जोडी लावते. १० ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर एक मनगट आधी दमतं. मग दोन्ही एकमेकींवर आपटून ऐकायच्या: खणखणीत "टक्" आलं तर चांगल्या, "थप्" आलं तर आतून पिंजलेल्या. नाशिकच्या कोरड्या थंडीत वेत सुकतो, तेव्हा जवसाचं तेल चोळून रात्रभर ठेवते. जिथे जास्त मार बसतो तिथे इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळते.

लेकीची उंची वाढलीय. कालच तिने काठी काखेत धरून दाखवली. आता २६ इंची कापायला घेतेय.