भुताला 'प्लीज' म्हणणारी माणसं

आधी सही, मग भूत.

नोव्हेंबरातली रात्र, नऊचा सुमार. किल्ल्याच्या दारात आम्हा चौदा जणांच्या हातात दोन-दोन पानी अर्ज पडले. जिन्यावरून पडलात तर जबाबदारी तुमची. हृदयविकार असेल तर सांगा. दारू पिऊन आलेल्यांना प्रवेश नाही, मेणबत्ती पेटवायची नाही, जुन्या पलंगांवर बसायचं नाही, मोबाइल एअरप्लेन मोडवर. भूत दिसेलच याची हमी नाही, आणि नाही दिसलं तर पैसे परत नाहीत. मी वाचल्यासारखं केलं आणि सही ठोकली.

किल्ला चिलिंगहॅमचा, नॉर्थम्बरलंडमधला. १२९८ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसशी लढायला निघाला तेव्हा इथे मुक्कामाला होता. १३४४ साली तटबंदीचा रीतसर परवाना मिळाला. तटाला परवाना! मला आमची ग्रामपंचायतच आठवली. रायगड चढलेल्या माणसाला याला किल्ला म्हणणं जरा जड जातं. धाप नाही, वर पोचल्यावर ताक नाही, गाडी जवळजवळ दारापर्यंत. असं ऑफिसातल्या मैत्रिणीला ऐकवणार होते, तेवढ्यात वर बघितलं. छप्पर शाबूत, खिडक्यांना काचा, आत चक्क माणसं राहतात. वाक्य गिळलं.

मैत्रीण नोकरी सोडून चालली होती आणि निरोपाला तिला ही भुतं शोधायची रात्रच हवी होती. माझ्या वाट्याला आलेल्या रकमेत आमच्या घरात महिन्याचं वाणसामान येतं, हे नवऱ्याने दोनदा बोलून दाखवलं. तो इंजिनिअर. निघताना त्याने विक टँडीची गोष्टही ऐकवली. कॉव्हेंट्रीच्या प्रयोगशाळेत या माणसाला डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी पकडीत अडकवलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरायला लागलं, आणि शोधता शोधता कारण निघालं एक पंखा. सेकंदाला सुमारे १९ कंपनं, कानाला ऐकू न येणारी. त्याने १९९८ मध्ये त्यावर निबंधच लिहिला. "पंखा दिसला तर बंद कर," नवरा म्हणाला.

इथली दोन भुतं प्रसिद्ध. एक निळा मुलगा. भिंतीत त्याची हाडं आणि निळ्या कापडाचे तुकडे सापडले म्हणे. दुसरी लेडी मेरी बर्कली. तिचा नवरा लॉर्ड ग्रे तिच्याच बहिणीबरोबर पळाला, १६८२ मध्ये त्यावर खटलाही चालला. मेरी अजून त्याला शोधत फिरते आणि जाताना रेशमी झग्याची सळसळ ऐकू येते, असं सांगतात. तो परत आला तरी ही बाई त्याच्याशी काय बोलणार, हा माझा प्रश्न कोणी मनावर घेतला नाही.

मला खरा धक्का बसला तो या लोकांच्या सभ्यतेचा. काळोख, दगडी खोली, थंडीने सुन्न पाय, आणि आमची वाटाड्या बाई रिकाम्या खुर्चीला विचारतेय, "आम्ही आत आलो तर चालेल ना? तुमची हरकत नसेल तर प्लीज दोनदा ठोका." थांबायची. उत्तर नाही. "काही हरकत नाही, थँक यू." खोली सोडताना पुन्हा थँक यू. एकाने टेबलाला धक्का दिला तर तो टेबलाला सॉरी म्हणाला! त्याच टेबलावर मग सगळ्यांनी बोटं टेकवली आणि ते सरकलं. शास्त्रज्ञ फॅरेडेने १८५३ मध्येच दाखवून दिलंय की माणसांचे हात नकळत टेबल ढकलतात. ते मला माहीत होतं, तरी मी बोट काढलं नाही.

आपल्याकडे भुताचं नावसुद्धा घेत नाहीत. "तिकडे काहीतरी आहे" एवढ्यावर भागतं. माझं आजोळ वेंगुर्ल्याजवळचं. देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, रात्री हद्दीवरून फेरी मारतो, त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, त्याचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड भाकरी, चुकवायचा नाही. आरवलीचा ग्रामदेव वेतोबा रात्री हिंडतो म्हणून त्याला हातभर लांब चामडी चपला वाहतात, आणि त्या झिजतात म्हणे. आमच्या अंधारातल्या मंडळींना कामं आहेत, राखण आहे. इथल्यांना तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांसाठी ठोकून दाखवावं लागतं. अर्थात 'थँक यू' मात्र आम्ही कधी म्हटलेलं नाही.

आई अजून तिथेच असते, एकटी. इकडे ये म्हटलं तर "घरात दिवो कोण लावतलो?" म्हणते. मीही आग्रह सोडलाय. शेजार चांगला आहे, फोन आहे, आणि मी दर वर्षी जाते. गेलं वर्ष सोडून.

सव्वा वाजता विद्युतचुंबकीय लहरी टिपणारं मीटर माझ्या हातात आलं; भूत जवळ आलं की ते पेटतं म्हणे. टीव्ही रिमोटएवढी डबी, पाच दिवे, हिरव्यापासून लालपर्यंत. वाटाड्या बाई म्हणाली, तू तुझ्या भाषेत बोलून बघ. बोलावं काय? मराठीत भुताला आवताण द्यायचं वाक्यच मला येत नव्हतं. तोंडातून आलं ते आजोळचं गाऱ्हाणं: "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दारात ही लेकरां इली आसत. काय चुकला-माकला आसात तर सांभाळून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा" म्हणायला तिथे कोण असणार? तेवढ्यात मीटर लाल झालं. पाचही दिवे.

मैत्रीण किंचाळली. वाटाड्या बाईने वहीत वेळ टिपली आणि समोर लिहिलं, 'परकी भाषा, तीव्र प्रतिसाद'. मला तीन वेळा पुन्हा म्हणायला लावलं. मीटर गप्प. "दमले असतील बिचारे, थँक यू," ती म्हणाली.

दोनला चहा-बिस्किटांची सुट्टी झाली. खिडकीशी उभी होते, जाकिटाच्या खिशात हात गेला आणि थंडीतही घाम फुटला. फोन चालूच होता, सिग्नलची एक काडी. सव्वा वाजता, म्हणजे तिकडे पावणेसातला, आईचा मेसेज आला होता. साडेपाच तासांचं गणित तिला अजून जमत नाही.

"उठलंस काय गो? च्या घेतलंस?"

वाटाड्या बाई कौतुकाने माझ्याकडेच बघत होती. तिला काही सांगितलं नाही. हातातल्या कपाकडे बघत आईला 'घेतली' असं कळवलं आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकला.