लेन्स ठरली संध्याकाळभरात, मिळाली पावसाळा संपल्यावर

पोर्ट्रेटसाठी कोणती लेन्स घ्यावी, हा प्रश्न लोक उगाच मोठा करतात. तो घरबसल्या सुटतो. खरा घाम फुटतो तो काउंटरवर, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझा कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स. (हा आकडा फोकल लेंग्थचा, तो वाढला की लांबचं जवळ दिसतं.) ती आधी ३५वर ठेवली, आईला हॉलमध्ये खुर्चीत बसवलं आणि चेहरा-खांदे चौकटीत भरेपर्यंत जवळ गेले. नाक पुढे, कान मागे. हा लेन्सचा दोष नव्हे, जवळ गेल्याचा परिणाम. मग ५५वर ठेवून मागे सरकले, तेव्हा आई आईसारखी दिसली. म्हणजे घ्यायची ती ५५च्या जवळची ५० एमएमची लेन्स. ८५चा मोह गणिताने उतरवला. या कॅमेऱ्याच्या सेन्सरची लांब बाजू २३.५ मिलिमीटर. कॅमेरा उभा धरून उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं, तर ५०ला साधारण चार मीटर लागतात, ८५ला सात. आमच्या सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये सात मीटर मागे गेले तर मी जोशीकाकूंच्या स्वयंपाकघरात उभी असेन. फुल फ्रेमवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा आहे त्यांनी, मात्र ८५च घ्यावी, त्यांना ती एवढं मागे ढकलत नाही.

तर, पेठेतलं एक जुनं दुकान. नाव लिहीत नाही.

"काका, निकॉनची ५० एमएम, एफ १.८ जी दाखवता का?"

(एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं आणि मागचं धूसर होतं. जी आणि डी या लेन्सच्या दोन जाती.) काकांनी मान वर न करता बॉक्स पुढे सरकवला. त्यावर जी नव्हतं, डी होतं.

"तेच ते. उलट स्वस्त पडेल."

तेच ते नाही. या डी लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. डी७५००मध्ये आहे, डी३५०० आणि माझ्या डी५६००मध्ये नाही. अशा कॅमेऱ्यावर ही डी लावली की फोकसची रिंग हातानेच फिरवत बसायचं. लहान मुलांचे फोटो काढणाऱ्याने तर विसरूनच जावं. मी म्हटलं, माझ्या कॅमेऱ्यावर लावून बघू या.

"सील उघडलं की माल तुमचा."

न बघता घ्या किंवा घरी जा, असा सरळ पर्याय. तेवढ्यात काउंटरवरचा पोरगा मध्ये पडला, "मॅडम, ८५ नेता का? सगळे तीच नेतात." सगळ्यांचे हॉल मोठे असतील.

शेवटी जी ऑर्डर करायची ठरली. ॲडव्हान्स दिला, पावती घेतली, आणि "आम्ही कळवू" सुरू झालं. कळवलं कोणीच नाही. मी फोन केला की माल मुंबईहून निघालेला असायचा. पुढच्या वेळी विचारलं तर तो अजून निघायचाच असायचा. आषाढ गेला, श्रावण गेला, ताईच्या मंगळागौरीचे फोटो किट लेन्सनेच काढले. गणपतीत "आता दिवाळीच्या स्टॉकबरोबर" असं उत्तर आलं. मग एकदाची लेन्स आली. जीच होती, पण बॉक्समध्ये कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड नाही.

"दुकानाची वॉरंटी आहे ना. आम्ही काय पळून चाललोय?"

पळून जाणार नाहीत, हे मलाही मान्य होतं. जागचे हलतच नव्हते. मी पैसे परत मागितले. काकांनी पावतीवरच्या ओळीवर बोट ठेवलं : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"काका, माल विकलाय कुठे? तो तर तुमच्याच हातात आहे."

मागे उभ्या असलेल्या आजोबांना हे फार आवडलं. ते मोठ्याने हसले, आणि माझ्या मते त्या हसण्यानेच गल्ला उघडला. पूर्ण रक्कम, रोख. रस्त्यावर आल्यावर पुन्हा एकदा मोजून घेतली.

त्यानंतर सेकंडहँड जी पिंपळे सौदागरच्या एका मुलाकडून, बोलता बोलता दहा हजारांच्या आत मिळाली. तो फुल फ्रेमवर गेला होता. मागच्या काचेतून मोबाइलचा टॉर्च मारून जाळ्यासारखी बुरशी नाही ना ते पाहिलं. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या लेन्सना ती हमखास धरते. मग वर्तमानपत्र तिरकं ठेवून एफ १.८वर एकाच ओळीवर फोकस केला, आधी व्ह्यूफाइंडरमधून, मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. दोन्हींत तीच ओळ स्पष्ट यायला हवी. डी५६००मध्ये फोकस पुढे-मागे सुधारायची सोय नाही, त्यामुळे फरक दिसला असता तर मी लेन्स घेतली नसती.

ज्यांच्याकडे आत्ता काहीच पैसे नाहीत त्यांनी किट लेन्स ५५वर ठेवावी आणि माणसाला मागच्या भिंतीपासून लांब उभं करावं. ७०-३०० असेल तर शंभरच्या आसपास तीही छान चेहरे काढते. कॅननवाल्यांना डी-जीची भानगडच नाही, त्यांच्या ५० एफ १.८ एसटीएममध्ये मोटर आहेच. मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, लहान सेन्सर असेल तर सिग्माची ५६ एफ १.४ बघा. निकॉनची १०५ एफ १.४ वगैरे मंडळी एखाद्या लग्नापुरती भाड्याने आणावीत. विकत घेण्याइतकी लग्नं माझ्या नात्यात उरलेली नाहीत.

हो, आणि एफ १.८ आहे म्हणून सगळं एफ १.८वर काढू नका. जवळून काढलं तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. दोघं शेजारी असतील तर मी एफ ४वर जाते.

ॲडव्हान्स द्यायची वेळ आलीच, तर पावतीवर नुसतं "५० एमएम" लिहू देऊ नका. एएफ-एस (म्हणजे लेन्समध्येच मोटर), एफ १.८ जी, भारतातली कंपनी वॉरंटी, आणि अमुक तारखेपर्यंत न आल्यास पैसे परत, एवढं दुकानदाराच्याच अक्षरात लिहून घ्या. तो कंटाळेल, कंटाळू द्या.