‘मिशन: इम्पॉसिबल’चा ठेका बसला!

बसला एकदाचा! ‘मिशन: इम्पॉसिबल’ या टीव्ही मालिकेच्या, लालो शिफ्रिन यांनी बांधलेल्या धूनला तबल्याचा ठेका (फिरून फिरून येणारा बोलांचा साचा) लावायचा आमचा उद्योग मागच्या नोंदीत जिथं अडकला होता, तिथून रविवारी विश्रामबागच्या खोलीत सुटला. बेस गिटार, कीबोर्ड आणि तबला, तिघंही न थांबता शेवटपर्यंत गेले. रेकॉर्डिंग ऐकून मी रात्री उशिरापर्यंत जागाच होतो.

अडचण अशी होती. धून ५/४ मध्ये आहे. ठोके पाच, त्यांचे अर्धे केले की दहा मात्रा. दहा म्हटलं की सांगली-मिरजेकडच्या कुठल्याही तबलजीचा हात आपोआप झपताल या दहा मात्रांच्या तालावर जातो. आमचे तबलजी अण्णा, त्यांचाही गेला, आणि ते साहजिकच आहे. पण झपतालाचे विभाग २-३-२-३, आणि शिफ्रिन यांची बेस लाईन ३-३-२-२. झपतालात विभागांच्या सुरुवातीची टाळी-खाली पडते १, ३, ६, ८ वर. बेसचे आघात येतात १, ४, ७, ९ वर. सम, म्हणजे पहिली मात्रा, सोडली तर एकही आघात जुळत नाही. ऐकताना वाटायचं की दोघं वेगवेगळी गाणी वाजवताहेत आणि समेपुरते भेटताहेत.

आम्ही काय काय करून पाहिलं ते थोडक्यात. साधा आठ मात्रांचा केरवा ताणून पाहिला, लंगडा वाटला. ‘धा-- धा-- धा- धा-’ असं बेसच्या सोबतीनं सरळ ठोकून पाहिलं. ते जुळलं, पण त्यात फंक अजिबात उरला नाही. बेस आणि तबला एकच बोलायला लागले की मधली हवा जाते. मूळ रेकॉर्डमध्ये बाँगो कसे आघातांच्या मधल्या जागा भरत राहतात ते ऐका.

मग अण्णा म्हणाले, “अरे, ते आकडे परत म्हण बघू.” मी म्हटलं, एक, चार, सात, नऊ. अण्णांनी बोटांवर मोजलं. “आणि आपले एक, तीन, सहा, आठ. म्हणजे समेनंतरचं सगळं एकेक मात्रा पुढं आहे. ठेका एक मात्रा उशिरा सोडला तर?”

सोडला. झपतालाचा पहिला ‘धी’ दुसऱ्या मात्रेवर आला आणि पुढचे तिन्ही विभाग बेसच्या आघातांवर नेमके जाऊन बसले. समेवर उरला शेवटचा ‘ना’. तिथं अण्णांनी ‘धा’ घेतला. आता ठेका असा आहे:

धा धी ना धी धी ना ती ना धी धी

बेसबरोबर म्हणून बघा. १ वर धा, ४ वर धी, ७ वर ती, ९ वर धी. सातव्या मात्रेवरची खाली तर सगळ्यात सुंदर. बेस तिथं पहिल्यांदा ‘सा’ सोडून कोमल गंधारावर जातो, आणि नेमका तेव्हाच डग्गा (डाव्या हाताचा घुमणारा भाग) गप्प असतो. त्यामुळं तो गंधार उघडा पडतो. आमचा बेसवाला वाजवतानाच ओरडला, “लगा, हे तर बसलंच!”

याला झपताल म्हणायचं की नाही यावर वाद घालायचा असेल तर घाला. मी अण्णांच्या बाजूनं आहे. ते म्हणतात, हाताला झपतालाची वाट माहीत आहे म्हणूनच हा ठेका चालतो.

या निमित्तानं शिफ्रिन यांच्याबद्दल परत वाचत बसलो. ब्वेनोस आयरेसचा माणूस, वडील तिथल्या तेआत्रो कोलोन या ऑपेरागृहाच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक. शिफ्रिन पॅरिसला शिकायला गेले तेव्हा दिवसा संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांच्याकडे धडे आणि रात्री क्लबात जॅझ पियानो. आणि मेसियाँ यांनी आपल्या रचनांसाठी देशी ताल घेतले ते ‘संगीतरत्नाकर’मधले! शार्ङ्गदेवांचा ग्रंथ, १३व्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला. ३-३-२-२ तिथून आला असा माझा दावा नाही, लॅटिन संगीतातच तो पुरेसा मुरलेला आहे. पण देवगिरीहून निघालेली लयीची विद्या त्यांच्या गुरूंच्या टेबलावर होती, याचा मला मनापासून आनंद झाला.

पुढं जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पींच्या बँडमध्ये पियानो, १९६६ मध्ये ही धून, १९६८ मध्ये ‘बुलिट’, १९७१ मध्ये ‘डर्टी हॅरी’, १९७३ मध्ये ‘एंटर द ड्रॅगन’. ‘बुलिट’मध्ये गाड्यांचा पाठलाग खरा पेटतो तिथंच त्यांनी संगीत थांबवलं आणि इंजिनांना बोलू दिलं. कुठं वाजवायचं नाही हे ज्याला कळतं, तो मोठा संगीतकार. सहा ऑस्कर नामांकनं झाली तरी पुतळा मिळाला तो २०१८ मध्ये, मानद. २६ जून २०२५ रोजी ९३व्या वर्षी ते गेले. १९९६ च्या चित्रपटावेळी या धूनची ४/४ मधली आवृत्ती गाजली. मला ती पटत नाही. पाचवा ठोका काढला की धूनची धावपळच संपते.

आता सुरांचं. आमची सा पांढरी पाच (कीबोर्डवरची पाचवी पांढरी पट्टी), तबला पंचमात लावलेला, म्हणजे पांढरी दोन. वरची चाल ‘ग॒ सा प’ (खाली रेघ म्हणजे कोमल) असताना सगळं गोड. दुसऱ्या वेळी ती ‘ग॒ सा’वरून तीव्र मध्यमावर थांबते आणि तबल्याचा पंचम त्याला खेटून घुमत राहतो. कानाला टोचतं. म्हणून त्या ओळीपुरते ‘ना’ ऐवजी बंद, म्हणजे न घुमणारे, बोल घ्यायचे ठरलं. आवाज कोरडा येतो, आणि कोरडा तबला फंकला शोभतोही.

साहित्याबद्दल तीन गोष्टी. बेसला फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्याच्या, गुळगुळीत) तारा लावा, साठच्या दशकातला तो गोलसर आवाज दुसऱ्या कशानं येत नाही. आणि पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, मिरजेतल्या कारागिराकडूनच चढवून घ्या. ऑनलाइन मागवलेल्या पुडीची शाई आमच्याकडं एका पावसाळ्यात सुटली. मिरजेची पुडी तशीच घट्ट आहे. मेट्रोनोम ॲप घेताना आघात हवे तिथं ठेवता येतात का ते आधी तपासा. नुसतं ५/४ दाखवणारं इथं कामाचं नाही.

पुढचा बेत शिफ्रिन यांच्याच ‘मॅनिक्स’ मालिकेच्या धूनचा होता. ती धून ३/४ मध्ये, सहा मात्रांच्या दादऱ्याच्या अंगानं जाईल असं वाटतं. पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलंय. बेसची ओळ खरं तर दोन आवर्तनांची आहे: ‘सा सा ग॒ म’ आणि मग ‘सा सा नि॒ नि’. म्हणजे वीस मात्रांचं चक्र. दुसऱ्या आवर्तनात डग्गा पूर्ण बंद ठेवला तर? बेस कोमल निषादावरून शुद्ध निषादावर चढेल आणि समेवर डग्गा परत येईल. शिवाय विसात एक मिळवला की एकवीस, सात त्रिक एकवीस. सात मात्रांचा तुकडा समेपासून बेदम, म्हणजे मध्ये न थांबता, तीनदा घेतला की शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर! अण्णांना आत्ताच फोन केला. ते तुकडा बांधायला बसलेत. ‘मॅनिक्स’ थांबेल, येत्या रविवारी आधी ही तिहाई (तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा).