तुम्ही विचारलंत म्हणून: कम्युनिटी हॉस्पिटलमधून गॅस्ट्रो मिळतं का?

एमबीबीएस करून अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीला लागलेल्यांचा हा प्रश्न ठरलेला: "युनिव्हर्सिटी नाही, साधं कम्युनिटी हॉस्पिटल मिळालंय. इथून गॅस्ट्रोची (पोट-आतडी-यकृताच्या विकारांची) फेलोशिप, म्हणजे रेसिडेन्सीनंतरचं विशेष प्रशिक्षण, होईल का?" होते. पण हातात तीन वर्षं आहेत असं धरून चाललात तर अवघड आहे.

रेसिडेन्सी 1 जुलैच्या आसपास सुरू होते आणि फेलोशिपचा अर्ज तिसऱ्या वर्षाच्या जुलैतच जातो; मॅचचा, म्हणजे उमेदवार-प्रोग्रॅम जुळवणीचा, निकाल डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे अर्जात दिसेल असं जे काही करायचं ते 24 महिन्यांत, आणि त्यातले पहिले चार-सहा नुसतं तग धरण्यात जातात.

आता यावर परिषदांचं कॅलेंडर ठेवून बघा. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीची परिषद ऑक्टोबरात भरते, ॲब्स्ट्रॅक्ट (कामाचा थोडक्यात सारांश) मात्र जूनमध्ये घेतात. इंटर्न, म्हणजे पहिल्या वर्षाच्या जूनमध्ये केस रिपोर्ट पाठवलात तर दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात पोस्टर लागतं. तो जून हुकला आणि पुढच्या जूनमध्ये पाठवलंत, तर अर्जात फक्त 'पाठवलं आहे' एवढंच लिहिता येतं. मग उरते मे महिन्यातली दुसरी परिषद, डायजेस्टिव्ह डिसीज वीक; तिची ॲब्स्ट्रॅक्टची मुदत साधारण आधीच्या डिसेंबरच्या सुरुवातीला संपते.

केस रिपोर्टसाठी लेखी संमती रुग्ण वॉर्डात असतानाच घ्या. घरी गेल्यावर फोन कोण उचलतं? चार्ट रिव्ह्यू (जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून अभ्यास) करायचा तर आयआरबी, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समिती, आली. लहान हॉस्पिटलात ही समिती महिन्यातून एकदा बसत असेल, तर एका दुरुस्तीपायी महिना गेलाच. म्हणून बरेच जण नॅशनल इनपेशंट सॅम्पलकडे वळतात: देशातल्या सुमारे 20 टक्के डिस्चार्जचा तयार डेटा. त्यातली नेहमीची चूक म्हणजे एक ओळ म्हणजे एक रुग्ण असं समजणं. ओळ ॲडमिशनची असते. सिरोसिसचा एकच माणूस वर्षात तीनदा ॲडमिट झाला तर तीन ओळी लागू शकतात. शिवाय त्यात बिलिरुबिन किती होतं ते नसतं, नुसते निदानाचे कोड असतात.

पण आमच्या मते खरं घोडं अडतं ते शिफारसपत्रांवर. प्रत्येक प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात आणि त्यातलं एक बहुधा प्रोग्रॅम डायरेक्टरचं. तुमच्याकडचे गॅस्ट्रोवाले डॉक्टर उत्तम असतील, पण निवड समितीत त्यांना ओळखणारं कोणी नसतं. त्यात पत्र 'मेहनती, मनमिळाऊ' छापाचं निघालं की कोराच कागद. मार्च-एप्रिलमध्येच त्यांना सीव्हीसोबत दोन-तीन केसेस लिहून द्या: काय चुकणार होतं आणि ते तुम्ही कसं पकडलंत.

दुसरं पत्र बाहेरून आणा. दुसऱ्या वर्षी जिथे फेलोशिप आहे अशा युनिव्हर्सिटीत चार आठवड्यांचं इलेक्टिव्ह (स्वतः निवडलेलं रोटेशन) करा. स्वतःच्या हॉस्पिटलची परवानगी, मालप्रॅक्टिस विमा, राज्यानुसार ट्रेनिंग लायसन्स, जे-1 (एक्स्चेंज व्हिसा) वर असाल तर तो पुरस्कृत करणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेला कळवणं, या कागदपत्रांना सहा महिने धरा. तिथे स्कोप (एंडोस्कोपीची दुर्बीण) हातात मिळण्याची आशा ठेवू नका. काळं शौच (पोटातल्या रक्तस्रावाची खूण) झालेल्या रुग्णाची कन्सल्ट आली की हिमोग्लोबिन सगळेच सांगतात. ब्लड थिनरची शेवटची गोळी किती वाजता घेतली हे विचारून येणारा रेसिडेंट लक्षात राहतो.

पहिल्या खेपेला नाही झालं तर व्हिसा आडवा येतो. एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची मुदत सहा वर्षं: तीन रेसिडेन्सीची, तीन गॅस्ट्रोची. मध्ये एक वर्ष हॉस्पिटलिस्ट (वॉर्डातले रुग्ण बघणारा पगारी डॉक्टर) म्हणून काम केलंत आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया पुढे सरकलेली नसेल, तर फेलोशिपचं शेवटचं वर्ष व्हिसाविना उघडं पडतं. जे-1वाल्यांनी वेव्हर (मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट) घेतला की पुन्हा जे-1 वर ट्रेनिंग नाही. म्हणून मधल्या वर्षासाठी त्यांना चीफ रेसिडेंटचं वर्ष बरं पडतं.

आणि रेसिडेन्सीची रँक लिस्ट (हॉस्पिटलांची पसंतीक्रमाची यादी) अजून भरायची असेल, तर इंटरव्ह्यूत एवढं विचाराच: तुमच्याकडे गॅस्ट्रोची फेलोशिप आहे का, आणि गेल्या तीन वर्षांत त्यात घरचे रेसिडेंट किती घेतले?