बाळ झालं की आईकडे बघा

मागच्या आठवड्यात इंदूरजवळच्या सिमरोलच्या पुढे एका गावात आशा कार्यकर्त्यांना शिकवायला गेले होते. प्रसंग नेहमीचाच घेतला. 108 ला फोन झालाय, गाडी भेरूघाटात ट्रकांच्या रांगेत अडकलीय, आणि इकडे बाळाचं डोकं दिसायला लागलंय.

बाळ ओढून काढायला शिकवतील, असं बऱ्याच जणींना वाटतं. ओढायचं काहीच नसतं. हात धुवा, स्वच्छ कापड अंथरा, डोकं झटक्यात येऊ नये म्हणून तळव्याचा हलका आधार द्या, पोट दाबू नका. बाळ पुसा, रडलं नाही तर पाठ चोळा, आईच्या छातीवर ठेवून दोघांना पांघरूण घाला. गाडी येणार असेल तर नाळ कापायची घाई नको. एवढं त्या पटकन शिकतात. माझा दिवस जातो तो त्यानंतरच्या एका तासावर.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका जीपमध्ये बाळंतपण केलं होतं. मुलगा झाला. सासूने गूळ काढला, नवरा रडत होता, मी बाळाला गुंडाळत होते. बाळंतीण पाणी मागत होती, मग झोप येतेय म्हणाली. नेसूचं लुगडं गडद लाल होतं. दवाखान्याच्या दारात तिला उतरवलं तेव्हा सीटखाली रक्ताचं थारोळं दिसलं, आणि नाडी लागेना. ती गेली. 40 वर्षं होत आली, अजून मला त्या जीपमधला गुळाचा वास येतो.

2018-20 च्या सरकारी आकड्यांत मध्य प्रदेशात दर लाख जन्मांमागे 173 आया गेल्या, देशात 97. रक्तस्राव हे त्यातलं मोठं कारण.

म्हणून मी सांचीच्या दुधाची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी नेते. तिच्यात लाल रंगाचं पाणी भरायचं आणि घडी घातलेल्या मरून साडीवर ओतायचं. "कितना होगा?" विचारलं की उत्तर येतं, "एक कप, दीदी." मग तेवढंच पाणी पांढऱ्या चादरीवर ओतते. खोली गप्प होते. अर्धा लिटर म्हणजे धोक्याची रेघ.

या वेळी एक म्हातारी दाईही येऊन बसली होती. वार, म्हणजे बाळाच्या मागून पडणारा नाळेचा गोळा, पडत नसली की बाईच्या तोंडात तिचेच केस घालून ओकारी काढायची, असं तिने सांगितलं. तरुण मुली हसल्या, मला ते आवडलं नाही. तिने आयुष्यभर रात्री-अपरात्री धावपळ केलीय. तिला जवळ बसवून सांगितलं, मावशी, वार बहुतेक वेळा अर्ध्या तासात आपणहून पडते. नाळ ओढली तर तुटते, कधी गर्भाशयच उलटून बाहेर येतं. बाळाला दूध पाजायला लावा, लघवी करवा, वाट बघा. वार पडली की बेंबीजवळ हात ठेवायचा. गर्भाशय कच्च्या पेरूसारखं घट्ट लागलं तर ठीक, मळलेल्या कणकेसारखं लागलं तर घट्ट होईस्तोवर गोलगोल चोळायचं, आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा हात लावून बघायचं. तिने माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला आणि जागा बरोबर दाखवली.

पुढचा वर्ग महूकडे आहे. जुन्या सुती साड्या हव्यात, गडद रंगाच्याच. रामबागेतल्या ओळखीच्यांनी माझ्याकडे आणून द्याव्यात, फाटक्या असल्या तरी चालतील.