डोमकळी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात २०१७ साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर वाढली होती आणि यंदा कर्ज फिटेल, असे घरात सर्वांनी मनोमन धरले होते. त्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली.

ही अळी कळीत शिरते आणि पाकळ्या आतून धाग्यांनी जखडून टाकते. ते फूल मग उमलतच नाही. अर्धवट मिटलेल्या गुलाबासारखे झाडावर राहते. त्यालाच डोमकळी म्हणतात. पुढे अळी हिरव्या बोंडात जाते, तिने पाडलेले छिद्र भरून येते आणि बोंड फुटेपर्यंत पीक निरोगीच दिसत राहते. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी बियाण्याच्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो. पण ते विष या अळीने केव्हाच पचवले होते.

डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात असे सांगितले गेले, म्हणून मी बाबांबरोबर रोज सकाळी वावरात जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी एक कळी माझ्या हातावर ठेवली. "पाय पोरी, कशी गुलाबावानी दिसते, पर आतून पोखरली हाये." डोमकळी ओळखायची तर आधी चांगले फूल नीट पाहावे लागते, आणि कापसाचे फूल मी जन्मभर त्याच्याजवळ राहूनही पाहिलेले नव्हते. ते पहिल्या दिवशी फिकट पिवळसर उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग गळून पडते. ज्या तासांत आमचे वर्ष बुडत होते, त्याच तासांत मी हे शिकत होते. संकट सुंदर असते असे मी कधीही म्हणणार नाही. ज्या भागात कर्जापायी माणसे जीव देतात, तिथे तसे म्हणणे मला निर्दयपणाचे वाटते. मात्र त्या सकाळी मी जितके डोळे उघडून पाहिले, तितके चांगल्या वर्षांत कधी पाहिले नव्हते, हेही खरे आहे.

पहिल्या वेचणीला मायने सीतादही केले. झाडाखाली दगड मांडून, हळदकुंकू वाहून तिने नेहमीसारखाच दहीभाताचा नैवेद्य दाखवला. शेजारचे कोणी म्हणाले, यंदा कशाला? ती काही बोलली नाही. वेचणीला आलेल्या बायांची मजुरी किलोवर होती आणि कवडी, म्हणजे किडक्या बोंडांतला खराब कापूस, वेचायला वेळ दुप्पट लागत होता, तरी ठरलेली वेचणी त्यांनी अर्धी टाकली नाही. दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, त्यांच्या भाकरीतला तुकडा मायच्या हातावर ठेवला जाई, आणि ती तो घेई.

फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही जास्तीच्या कापसासाठी पऱ्हाटी उभी ठेवली, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, म्हणून बाबांनी डिसेंबरातच पऱ्हाटी उपटायला काढली. धुऱ्याजवळच्या एका झाडाला त्या दिवशी ताजे फूल आले होते. ते झाड त्यांनी तेवढे राहू दिले. संध्याकाळी मात्र ते एकटेच परत गेले, त्यांनी तेही उपटले आणि फूल खुडून घरी आणून देवापुढे ठेवले. सकाळी ते गुलाबी झाले होते.